गाभ्याची राखण

राज्यें कशीं उभीं राहिलीं आणि कशीं लयास गेलीं, याचे वृत्तांत लिहिणारे इतिहासकार पुष्कळ आहेत. परंतु एखादी वस्तु उभी राहिल्यानंतर ती पडूं नये म्हणून कोणीं किती वर्षें काय काय केलें, हें नोंदवून ठेवण्याकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. किल्ला बांधविणाऱ्याचें नांव दरवाजावरील शिलालेखांत वाचावयास मिळतें. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं तटाच्या फटी चुन्यानें बुजविणाऱ्यांचें नांव कोठेंच नसतें. आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत दुर्गांसाठीं एक स्वतंत्र प्रकरण योजिलें, आणि त्यांत किल्ले बांधण्याबरोबरच ते राखण्याचीही चिंता केली, हा अपवादच म्हटला पाहिजे. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका राखणीचा इतिहास सांगणार आहों. राखलेली वस्तु दगडाची नाहीं, डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तिचें वय अद्याप चाळीस वर्षांचेंही झालेलें नाहीं. तथापि आज वाचकांपैकीं बहुतेकांच्या खिशांत ती आहे.

संगणक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पडदा आणि कळफलक येतो, किंवा त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम येतात. या दोहोंच्या मधें एक तिसरा भाग असतो. यंत्रावर पहिली सत्ता त्याची, व इतरांनीं जें कांहीं मागावयाचें तें त्याच्याकडे मागावयाचें. इंग्रजींत त्यास कर्नेल म्हणतात. लष्करांतल्या कर्नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. कठीण कवचाच्या आंतील दाणा, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. आम्ही त्यास गाभा म्हणूं. गाभ्याचीं मुख्य कामें तीन. प्रोसेसरचा वेळ सर्व कार्यक्रमांत वांटून देणें हें पहिलें; स्मृतीचे भाग पाडून एकाच्या भागांत दुसऱ्यास शिरूं न देणें हें दुसरें; आणि डिस्क, पडदा, छपाईयंत्र, जाळें इत्यादि उपकरणांशीं बोलणें हें तिसरें. प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी असल्यामुळें तिसऱ्या कामासाठीं गाभ्याजवळ एक एक दुभाष्या ठेवावा लागतो. त्याला ड्रायव्हर हें नांव आहे. बाहेरचा कार्यक्रम गाभ्याच्या ठराविक दारांशीं येऊन विनंति करतो, आंत शिरत नाहीं. जो आंत शिरला तो सर्व घराचा धनी झाला. गाभ्याची सुरक्षितता इतकी महत्त्वाची मानतात, तिचें कारण हेंच.

या गाभ्यांत जो आज सर्वांत पसरलेला आहे त्याचें नांव लिनक्स. त्याची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचण्यास आरंभ केला, आणि १९७३ सालीं ती सी या भाषेंत नव्यानें लिहिली. तोंपर्यंत अशा प्रणाली बहुधा ज्या त्या यंत्राच्याच भाषेंत लिहिल्या जात, व यंत्र मोडींत निघालें कीं प्रणालीही त्याबरोबर जाई. सी भाषेमुळें प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणें शक्य झालें. १९८७ सालीं अॅमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाम यांनीं विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं युनिक्सच्या धर्तीवर मिनिक्स ही लहानशी प्रणाली तयार केली. तिच्याच वाचकवर्गांत हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता. त्याचें नांव लिनस टोरवाल्ड्स. त्याच्या घरीं इंटेल कंपनीचा ३८६ हा प्रोसेसर असलेला संगणक होता. २५ ऑगस्ट १९९१ या दिवशीं त्यानें मिनिक्सच्या अभ्यासकांस कळविलें कीं आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली करीत आहों. ती कांहीं मोठी व्हावयाची नाहीं. ती ३८६ या यंत्रास बांधलेली आहे. आणि आपल्याजवळ ज्या जातीची डिस्क आहे तिच्यावांचून दुसरीवर ती बहुधा कधींच चालणार नाहीं. सप्टेंबरांत निघालेल्या पहिल्या आवृत्तींत सुमारें दहा हजार ओळी होत्या.

पुढील वर्षीं दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे टोरवाल्ड्स यानें आपलें काम जीपीएल या परवान्याखालीं आणलें. या परवान्याप्रमाणें कोणासही तें वाचण्याची, बदलण्याची व वांटण्याची मोकळीक मिळाली. मात्र बदललेलें वांटावयाचें झाल्यास तेंही त्याच मोकळिकीनें वांटलें पाहिजे, अशी अट आली. दुसरी गोष्ट म्हणजे टॅननबाम यांनीं या नव्या प्रणालीवर उघड टीका केली. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन होते. गाभा एकसंध ठेवून सर्व ड्रायव्हर त्याच्या पोटांत घालणें ही कालबाह्य रचना आहे, हा पहिला. आणि एकाच जातीच्या प्रोसेसरला प्रणाली बांधून घालणें ही चूक आहे, हा दुसरा. विद्यार्थ्यानें प्राध्यापकांस तडफदार उत्तर दिलें व वाद गाजला. आज मागें वळून पाहतां आम्हांस असें वाटतें कीं दुसरा आक्षेप त्या वेळीं अगदीं रास्त होता, व त्याचें खरें उत्तर वादांत नव्हे तर पुढील तीन वर्षांच्या कामांत मिळालें. मार्च १९९५ मध्यें निघालेल्या १.२ या आवृत्तींत अल्फा, स्पार्क व मिप्स या अगदीं भिन्न जातींच्या यंत्रांस आधार मिळाला. पहिला आक्षेप मात्र अजून पुरता मिटलेला नाहीं. लिनक्सचा गाभा आजही एकसंधच आहे. त्यामुळें त्यांतील एखाद्या क्षुद्र ड्रायव्हरमध्यें राहिलेली चूकही संपूर्ण गाभ्याच्या अधिकारानें वावरते.

यंत्रांचा पसारा मग झपाट्यानें वाढला. १९९४ च्या मार्चमध्यें १.० ही आवृत्ति निघाली तेव्हां ओळी पावणेदोन लाखांच्या वर होत्या. २०२५ च्या आरंभीं त्यांची संख्या चार कोटींवर गेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत. कित्येक कारखानदार आपल्या उपकरणाची बोली प्रथम गुप्त ठेवीत, आणि हौशी मंडळी तें उपकरण दिवसचे दिवस न्याहाळून त्याचे संकेत उलगडीत. या सर्व व्यवहारांत दोन नियम हळूहळू दृढ झाले. पहिला असा कीं, गाभा कितीही बदलला तरी त्याच्या बाहेरच्या दारांचा रिवाज बदलावयाचा नाहीं. काल चालत असलेला कार्यक्रम आज नव्या गाभ्यानें बंद पडतां कामा नये. टोरवाल्ड्स या नियमाविषयीं अत्यंत कडक आहे. दुसरा नियम याच्या उलट आहे. गाभ्याच्या आंतली मांडणी केव्हांही बदलतां येईल. परंतु ती जो बदलील त्यानेंच तिच्यामुळें मोडणारे सर्व ड्रायव्हर दुरुस्त करून दिले पाहिजेत. हा आश्रय अर्थात् जे ड्रायव्हर गाभ्याच्या घरांत नांदतात त्यांनाच. जे बाहेर राहिले, त्यांची काळजी ज्याची त्यानें वाहावी. दुसऱ्या नियमाचा हा उत्तरार्ध वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. मोबाइलच्या कथेंत तो पुन्हां भेटणार आहे.

आतां ज्या यंत्रावर हें सर्व जन्मास आलें त्या ३८६ चें काय झालें तें पाहूं. १९८५ सालीं बाजारांत आलेल्या या प्रोसेसरांत पुढच्या पिढीस मिळालेल्या कित्येक सोयी नव्हत्या. एकापेक्षां अधिक प्रोसेसर एकाच वेळीं स्मृतीच्या एकाच जागेस हात घालूं लागले म्हणजे त्यांची गांठ पडूं नये यासाठीं लागणारी एक आज्ञा १९८९ च्या ४८६ पासून आली. ३८६ मध्यें ती नाहीं. स्वतः गाभ्याच्या हातूनही राखीव जागेवर लिहिलें जाऊं नये असा अटकाव करण्याची सोयही त्यांत नाहीं. या उणिवांसाठीं गाभ्यांत जागोजाग निराळी तजवीज करावी लागे, आणि नवें काम करणाऱ्या प्रत्येकास ती सांभाळावी लागे. डिसेंबर २०१२ मध्यें इन्गो मोल्नार यानें ही सर्व तजवीज काढून टाकण्याची सूचना धाडली. टोरवाल्ड्स यानें ती तत्काळ स्वीकारली, व या जुन्या सोबत्याविषयीं आपणांस कांहीं हळवेपणा वाटत नाहीं, असें स्पष्ट लिहिलें. २०१३ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ३.८ या आवृत्तीपासून लिनक्स आपल्या जन्मस्थानीं चालेनासा झाला.

यावरून कोणी म्हणेल कीं जुनें झालें कीं टाकावें, हाच या मंडळींचा न्याय दिसतो. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. मोटोरोला कंपनीची ६८००० ही प्रोसेसरांची जात ३८६ हून जुनी. तिच्यावर चालणारे अमिगा संगणक करणारी कमोडोर कंपनी १९९४ सालीं दिवाळखोरींत निघाली. असें असतां त्या जातीच्या ६८०३० सारख्या प्रोसेसरांस लिनक्सचा आधार आजतागायत चालू आहे. कारण तिची निगा राखणारीं माणसें हयात आहेत व हौसेनें काम करीत आहेत. उलट इंटेलचा इटॅनियम पाहा. तो २००१ सालीं मोठ्या गाजावाजानें आला. त्याच्यामागें मोठमोठ्या कंपन्यांचें भांडवल होतें. २०२१ पर्यंत तो विकलाही जात होता. तरी जानेवारी २०२४ मध्यें निघालेल्या ६.७ या आवृत्तींतून तो वगळला गेला. त्याच्यावर नवा गाभा नियमितपणें चालवून पाहणारा, चुका कळविणारा व दुरुस्त करणारा कोणी उरला नव्हता. टोरवाल्ड्स यानें त्या वेळीं एक वाट मोकळी ठेविली: कोणीं वर्षभर बाहेर राहून त्याची निगा राखून दाखविली तर त्यास पुन्हां आंत घेण्याचा विचार करतां येईल. यंत्र वयानें नव्हे, पोरकेपणानें मरतें, असा या दोन उदाहरणांचा अर्थ आम्ही लावितों.

जुन्या यंत्रांचा आधार राखणें हें अशा रीतीनें पुण्यकर्मच दिसतें. परंतु त्याचा सुरक्षिततेशीं झगडा कसा उत्पन्न होतो, हें २०१६ सालच्या एका प्रकरणावरून फार चांगलें समजतें. एखाद्या दप्तरखान्याची कल्पना करा. तेथील मूळ दस्तऐवज कोणासही वाचावयास मिळतो. पण त्यावर कांहीं लिहावयाचें असेल तर कारकून त्याची नक्कल करून देतो, व लिहिणें त्या नकलेवर होतें. गाभाही स्मृतीच्या बाबतींत असेंच करतो. त्यांत एक बारीक फट राहिली होती. नक्कल तयार झाली, लेखणी हातांत आली, आणि तेवढ्या क्षणांत कोणीं ती नक्कल काढून घेतली, तर लेखणी मूळ दस्तऐवजावर पडे. ही गांठ साधणें अवघड होतें. पण यंत्र लाखों वेळां प्रयत्न करण्यास कंटाळत नाहीं. ज्यास केवळ वाचण्याचा अधिकार, तो अशा रीतीनें लिहूं लागे आणि अखेर सर्व यंत्राचा धनी होई. फिल ओएस्टर या तंत्रज्ञाच्या देखरेखीखालील एका संगणकावर झालेल्या हल्ल्यावरून ही फट ऑक्टोबर २०१६ मध्यें उघडकीस आली. नकलेच्या या रीतीच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून लोकांनीं तिला ‘डर्टी काऊ’ असें नांव ठेविलें. ती २००७ पासून वापरण्याजोगी होती, म्हणजे नऊ वर्षें लक्षावधि यंत्रांत उघडी होती.

या प्रकरणाचा खरा इतिहास पुढेंच आहे. दुरुस्ती करतांना टोरवाल्ड्स यानें नमूद केलें कीं ही चूक पुरातन आहे. आपणच अकरा वर्षांपूर्वीं ती बुजविण्याचा प्रयत्न केला होता, पण तो नीटसा साधला नव्हता. आणि आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या यंत्रांवर त्यामुळें अडचण येऊं लागल्यानें ती दुरुस्ती मागें घ्यावी लागली. त्या वेळीं ही फट केवळ तात्त्विक वाटे. मधल्या काळांत गाभ्याची स्मृतिव्यवस्था बदलली आणि ती प्रत्यक्ष हातीं लागण्याजोगी झाली. एका जातीच्या यंत्राची सोय पाहतांना सर्व जातींचें दार किलकिलें राहिलें, आणि तें तसें राहिलें आहे याची आठवण कोणास उरली नाहीं. यांत कोणाचा दुष्टपणा नाहीं, आळसही नाहीं. चार कोटी ओळींच्या घरांत मागें घेतलेल्या एका दुरुस्तीचें स्मरण ठेवणें हेंच राखणीचें सर्वांत कठीण काम आहे.

आणखी दोन वर्षांत याहून चमत्कारिक प्रसंग आला. कारण या वेळीं चूक गाभ्याची नव्हतीच. आधुनिक प्रोसेसर वेळ वांचविण्यासाठीं पुढचें काम आधींच करून ठेवितो. परवानगीचा निकाल लागण्यापूर्वींच कपाटांतील कागद काढून मेजावर ठेवणाऱ्या उतावळ्या कारकुनासारखें हें आहे. परवानगी नाकारली गेली कीं तो कागद दाखवीत नाहीं. पण एकदां काढलेला कागद दुसऱ्यांदा चटकन् सांपडतो. एवढ्या वेळाच्या फरकावरून कागदांत काय होतें हें बाहेरचा मनुष्य ताडूं शकतो, असें गूगलच्या यान हॉर्न यास आणि स्वतंत्रपणें ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांस व इतर कांहींस आढळून आलें. ३ जानेवारी २०१८ रोजीं हीं छिद्रें मेल्टडाउन व स्पेक्टर या नांवांनीं जगजाहीर झालीं. विकून झालेल्या कोट्यवधि प्रोसेसरांची घडण तर बदलतां येत नव्हती. तेव्हां हार्डवेअरच्या चुकीचें प्रायश्चित्त गाभ्यास घ्यावें लागलें. मेल्टडाउनवर उपाय म्हणून गाभ्याची जागा बाहेरच्या कार्यक्रमांच्या नकाशांतूनच पुसून टाकण्यांत आली. ही कल्पना ग्राट्झच्याच मंडळींनीं आदल्या वर्षीं मांडली होती. त्याच महिन्याच्या २८ तारखेस निघालेल्या ४.१५ या आवृत्तींत ती अंतर्भूत झाली. गाभ्याच्या दाराशीं जातांना प्रत्येक वेळीं नकाशा बदलावा लागत असल्यानें यंत्रें कांहींशीं मंदावलीं. सुरक्षिततेचें मोल सर्वांनीं वेगाच्या रूपानें मोजलें.

अशा दुरुस्त्या लोकांपर्यंत पोंचवावयाच्या कशा, हा निराळाच प्रश्न आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनीं नवा गाभा निघतो. परंतु रुग्णालय, कारखाना किंवा बँक दर दोन महिन्यांनीं नवीन गाभा बसवूं शकत नाहीं. म्हणून मार्च २००५ मध्यें ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट यांनीं स्थिर आवृत्त्यांची पद्धति सुरू केली. तींत नव्या सोयी घालावयाच्या नाहींत, केवळ दुरुस्त्या घालावयाच्या. पुढें कांहीं निवडक आवृत्त्यांस दीर्घकाल आधार देण्याची वहिवाट पडली. हा काळ दोन वर्षांचा असे. २०१७ सालीं, मुख्यतः मोबाइलांची गरज पाहून, तो सहा वर्षांपर्यंत वाढविण्याचें जाहीर झालें. २०२३ मध्यें पुन्हां दोन वर्षांवर येण्याचें जाहीर झालें. कारण साधें होतें: जुन्या आवृत्त्यांचा उपयोग करणारे पुरेसे नव्हते, आणि त्या राखणारीं माणसें थकलीं होतीं. वीजकेंद्रें, रेल्वे इत्यादींचीं यंत्रें वीस-वीस वर्षें चालावयाचीं. तेव्हां सीमेन्स, हिताची, तोशिबा यांसारख्या कंपन्यांनीं २०१६ सालीं एकत्र येऊन आपल्या खर्चानें दहा किंवा अधिक वर्षें आधार चालविण्याचा उपक्रम आरंभिला. ज्यास राखण हवी होती त्यानेंच राखणदार नेमला, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें.

मोबाइलच्या बाबतींत असा राखणदार कोण? २००८ सालीं अँड्रॉइडचा पहिला मोबाइल विक्रीस आला. त्याचा गाभा लिनक्सचाच. आणि आज भारतांतील बहुतेक मोबाइल याच जातीचे आहेत. परंतु लिनक्सच्या घरीं झालेली दुरुस्ती आपल्या हातांत येण्यापूर्वीं तिला गूगल, चिप करणारी कंपनी व मोबाइल करणारी कंपनी असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. चिप करणारांनीं आपले पुष्कळसे ड्रायव्हर गाभ्याच्या घरांत न आणतां बाहेरच ठेविले. म्हणून नवा गाभा बसवावयाचा तर ते सर्व ड्रायव्हर पुन्हां जुळवावे लागतात, आणि विकून झालेल्या मालासाठीं हा खर्च करण्यास कंपनी नाखूष असते. वर सांगितलेल्या दुसऱ्या नियमाचें फळ हें असें. अलीकडे महागड्या मोबाइलांस सात वर्षें अपडेट देण्याचीं आश्वासनें कांहीं कंपन्यांनीं दिलीं आहेत; स्वस्त मोबाइलांस मात्र पुष्कळदां दोन-चार वर्षांतच तीं थांबतात. म्हणजे ज्या कुटुंबाची बचत मोजकी, ज्याचा पगार, पेन्शन आणि बँकेचा व्यवहार एकाच मोबाइलवर, त्याच्याच घराचें दार आधीं उघडें पडतें. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून नियम लागू केला कीं एखाद्या मोबाइलची विक्री थांबल्यावरही किमान पांच वर्षें त्यास अपडेट मिळत राहिले पाहिजेत. जें उदारपणावर सोंपविलें होतें तें तेथें कायद्यानें मागून घेतलें गेलें.

येथवर आम्हीं एकाच गाभ्याचा वृत्तांत सांगितला. पण ही कहाणी सर्व गाभ्यांची आहे, आणि तिला दुसरी बाजूही आहे. अपडेट नको म्हणणारे सगळेच अडाणी असतात असें नाहीं. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाच्या घातक सॉफ्टवेअरनें जगभर विंडोज संगणकांचा विध्वंस केला. आमच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत मेर्स्क समूह चालवीत असलेल्या टर्मिनलचें कामकाजही त्यांत विस्कळीत झालें. या सॉफ्टवेअरनें उपयोगांत आणलेलें एक छिद्र विंडोजच्या गाभ्यांत चालणाऱ्या भागांतलें होतें, आणि त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती. ज्यांनीं ती बसविली नाहीं त्यांच्या यंत्रांत त्याला आयती वाट मिळाली. परंतु हें सॉफ्टवेअर प्रथम पसरलें तें युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटच्याच वाटेनें. औषधाच्या बाटलींतूनच विष आलें. पुढें १९ जुलै २०२४ रोजीं तर शत्रूचीही गरज पडली नाहीं. क्राउडस्ट्राइक या संरक्षक सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या गाभ्यांत चालतो. त्याच्या एका सदोष अपडेटनें सुमारें ८५ लाख संगणक एकदम बंद पाडले, आणि भारतांतही कांहीं विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

तेव्हां अपडेट हा मंत्र नव्हे. त्याच्या मागें कोण उभा आहे, त्यानें तो कोठें चालवून पाहिला, तो चुकल्यास मागें घेण्याची सोय आहे कीं नाहीं, हें सर्व पाहावें लागतें. लिनक्सच्या इतिहासांत आम्हांस जें आदरणीय वाटतें तें निर्दोषत्व नव्हे. नऊ वर्षांची फट तेथेंही राहिलीच. आदरणीय गोष्ट ही कीं तेथें प्रत्येक बदल कोणीं केला, केव्हां केला व कां केला याची नोंद राहते. म्हणूनच अकरा वर्षांपूर्वींची मागें घेतलेली दुरुस्ती तिच्या कर्त्याला शोधून काढतां आली, आणि ती आपलीच होती असें चारचौघांत सांगतां आलें. ज्या घरांत चुकीची नोंद राहते त्या घराची डागडुजी होऊं शकते.

नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या पांचशें महासंगणकांच्या यादींतील एकूण एक यंत्रें लिनक्सवर चालत आलीं आहेत. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या ‘परम’ मालिकेंतील संगणकही याच गाभ्यावर उभे आहेत. म्हणजे हें घर आमचेंही आहे. जेथें आपण राहतों तेथील तटाची फट बुजविण्यास आपला मनुष्य असावा, असें म्हणण्यांत स्वाभिमानाइतकाच व्यवहारही आहे. आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं हजारों तरुण संगणकशास्त्र शिकून बाहेर पडतात, आणि त्यांतील बहुतेकांस नवें कांहीं उभारण्याची हांव असते, ती असावीच. परंतु त्यांपैकीं कांहींनीं एखादा जुना ड्रायव्हर, एखादी उपेक्षित आवृत्ति, आमच्या बाजारांत खपणाऱ्या एखाद्या स्वस्त मोबाइलची चिप आपलीशी करून तिची निगा वर्षानुवर्षें राखली, आणि संस्थांनीं व सरकारनें त्या कामास वेतन व मान दिला, तर पुष्कळ घरांचीं दारें बंद राहतील. त्या घरच्या माणसांस त्यांचीं नांवें कळणार नाहींत. किल्ल्याच्या आंत रात्रीं निर्धास्त झोपणाऱ्यांस तरी चुना कोणीं भरला हें कोठें ठाऊक असे?